पाळी आणायच्या गोळ्या: खानापूर पट्ट्यातलं एक प्रकरण

'पाळी आणायच्या गोळ्या' म्हणजे गर्भपाताच्या गोळ्या. हे प्रकरण एका बाईचं नाही. बेळगाव सीमाभागात पुन्हापुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी जोडून ते शिकवण्यासाठी रचलं आहे. त्यामुळे यात नाव नाही आणि गावही नेमकं नाही. औषधं, मात्रा, कायदा आणि आकडेवारी मात्र जशी आहे तशीच दिली आहे.

परिस्थिती

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडचा जंगलपट्टा. घरात मराठी बोलतात, सरकारी कागद कन्नडमध्ये येतो आणि औषधाच्या पाकिटावर इंग्रजी असतं. बाई २७ वर्षांची. दोन मुलं, धाकटं चौदा महिन्यांचं आणि अजून अंगावर पिणारं. दोन्ही बाळंतपणं सरळ झालेली. नवरा गोव्यात कामाला, चोर्ला घाटाने पंधरवड्याला घरी येतो. घरी सासू आणि जाऊ. तांबी बसवलेली नाही, गोळ्या चालू नाहीत. 'पोरगं दूध पितंय तोवर दिवस राहत नाहीत' या समजावर सगळं चाललेलं.

हा समज अर्धा खरा आहे. स्तनपानाचं संरक्षण तीन अटींवर टिकतं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त आईच्या दुधावर, आणि बाळंतपणानंतर पाळी परत आलेली नाही. चौदा महिन्यांच्या, भाकरी-भात खाणाऱ्या पोराच्या आईला ते लागू होत नाही. शिवाय अंडं आधी सुटतं आणि पाळी नंतर येते. म्हणून पहिली पाळी दिसायच्या आतच दिवस जाऊ शकतात, आणि तेव्हा मोजायला तारीखच उरत नाही.

इथे तसंच झालं. वटपौर्णिमेच्या सुमारास दोन दिवस थोडं अंगावर गेलं. बाईने ती बाळंतपणानंतरची पहिली पाळी धरली. नागपंचमीला माहेरी गेली तेव्हा पुढची पाळी न आल्याचं लक्षात आलं. वहिनीने आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. तिसरं मूल नको, हे नवऱ्याशी फोनवर एका वाक्यात ठरलं.

आरोग्य केंद्रात का गेली नाही

आशाकडे 'निश्चय' किटवर मोफत तपासणी होते. पण आशा गावचीच, सासूच्या नात्यातली. त्यापेक्षा मोठी भीती नोंदीची. एकदा गरोदरपण वहीत आणि संगणकावर चढलं, गरोदर बाईचं सरकारी 'तायी कार्ड' निघालं, की 'हा गर्भ गेला कुठे' असं विचारायला माणूस घरी येतो. लिंगनिवड रोखण्यासाठी हा पाठपुरावा सुरू झाला आणि त्याला कारणही आहे. २०१७ साली सीमेपलीकडे, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, एका बाईच्या मृत्यूनंतर १९ भ्रूणांचे अवशेष सापडले. २०२२ साली इकडे, बेळगाव जिल्ह्यातल्या मुडलगीत, बरण्यांत भरलेले सात भ्रूण नाल्यात मिळाले. दोन्ही प्रकरणांनंतर दोन्ही राज्यांतले दवाखाने आणि औषधदुकानं धास्तावली.

या धास्तीने एक गल्लत पक्की केली. लिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा, गर्भपाताला अटींवर परवानगी देणारा कायदा १९७१ चा. दोन्ही वेगळे. नऊ आठवड्यांच्या आत सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी दिसतच नाही, त्यामुळे या गोळ्यांचा लिंगनिवडीशी संबंध जोडण्यात अर्थ नाही. तरी 'भ्रूणहत्या महापाप' असा फलक लावलेल्या दवाखान्यात आठ आठवड्यांची बाई शिरायला घाबरते. बिल देऊन, नोंद ठेवून गोळ्या विकणाऱ्या दुकानदाराने त्या ठेवणं बंद केलं. बिल न देणाऱ्याचं काही अडलं नाही.

गोळ्या

वहिनीने शहरातल्या एका दुकानातून 'कीट' आणलं. यात मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार असतात. एका पट्टीतल्या या जोडीला भारतात २००८ च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली, ६३ दिवसांपर्यंतच्या गर्भासाठी आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर. दुकानदाराने खोका काढून घेतला आणि नुसती पट्टी कागदात गुंडाळून दिली. खोक्याबरोबर माहितीपत्रकही गेलं. सांगितलं एवढंच: 'मोठी आधी, बारक्या नंतर.'

नीट वापर असा असतो. पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोन पाण्याबरोबर गिळायची. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यायची. मग २४ ते ४८ तास थांबायचं. त्यानंतर मिसोप्रोस्टॉलच्या चारही गोळ्या, म्हणजे ८०० मायक्रोग्रॅम, योनीत ठेवायच्या किंवा गालफडात किंवा जिभेखाली धरायच्या. अर्ध्या तासाने तोंडात जे उरेल ते गिळलं तरी चालतं. दुखायच्या आधीच आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम. या दुखण्याला पॅरासिटामॉल कमी पडते. एक ते चार तासांत कळा सुरू होतात, गाठी पडतात, थंडी वाजते, ताप चढतो आणि काही तासांत उतरतो. दोन तास लागोपाठ दर तासाला दोन जाड पॅड पूर्ण भिजली तर घरी थांबायचं नाही. पंधराव्या दिवशी तपासणी.

या बाईच्या बाबतीत तीन गोष्टी बिघडल्या, आणि तिन्हींचं वजन सारखं नाही.

पहिली गोष्ट अंतराची. गणपती बावीस दिवसांवर आले होते. गणपतीत अडचण आली तर स्वयंपाकघर बंद, आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात सगळ्यांना कळणार. तोवर सगळं आटपायचं म्हणून तिने मोठी गोळी दुपारी आणि चार बारक्या त्याच संध्याकाळी घेतल्या. अंतर कमी केलं म्हणून औषध दरवेळी वाया जातं असं नाही, पण यशाची खात्री घटते.

दुसरी गोष्ट मार्गाची, आणि ही जास्त नडली. चारही गोळ्या तिने पाण्याबरोबर गिळल्या. गोळी म्हटली की गिळायची, दुसरं कुणी सांगितलंच नव्हतं. गिळलेलं मिसोप्रोस्टॉल रक्तात लवकर चढतं आणि लवकर उतरतं, त्यामुळे गर्भाशयावरचा परिणाम टिकत नाही. सात आठवड्यांनंतर हा फरक उघड दिसतो.

तिसरी गोष्ट आठवड्यांची. बाईच्या हिशेबाने त्या दिवशी आठ आठवडे झाले होते. पण वटपौर्णिमेनंतर साधारण दोन आठवड्यांत तिला सकाळची मळमळ सुरू झाली होती. मळमळ बहुधा पाचव्या-सहाव्या आठवड्यात लागते. वटपौर्णिमेचं रक्त पाळीचं असतं तर मळमळीच्या वेळी दोनच आठवडे भरले असते, म्हणजे गर्भ जेमतेम राहायच्या बेतात. म्हणून ते रक्त पाळीचं नव्हतं. गर्भ रुजतानाचं थोडं जाणं होतं. म्हणजे गोळ्या घेतल्या त्या दिवशी अकरा-बारा आठवडे झाले असणार.

तारीख सांगता न येणाऱ्या बाईला म्हणूनच चार प्रश्न विचारावेत: मळमळ कधी लागली, पट्टीवर पहिल्यांदा दोन रेघा कधी आल्या, नवरा घरी कधी होता, आणि शेवटच्या वेळी जे गेलं ते नेहमीच्या पाळीसारखं होतं की कमी. बाया दिवस सणावरून सांगतात. 'वटपौर्णिमेला' हे उत्तर 'जूनमध्ये' यापेक्षा नेमकं असतं, विचारणाऱ्याजवळ पंचांग असलं म्हणजे झालं. आणखी एक चूक घराघरात असते: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायच्या ऐवजी पाळी चुकली त्या दिवसापासून मोजायचं. तिथेच चार आठवडे कमी धरले जातात. उत्तरांवरून हिशेब बसला नाही तर हाताने तपासावं, तरी शंका राहिली तर सोनोग्राफी करावी. प्रत्येक बाईला सोनोग्राफी लागत नाही. हिला लागत होती.

बारा आठवड्यांपर्यंत गोळ्या चालतात असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मार्गदर्शिका सांगते. भारतातली मंजुरी नऊ आठवड्यांची आहे. नवव्या आठवड्यानंतर मिसोप्रोस्टॉलचा एक हप्ता अनेकींना पुरत नाही, पुन्हा द्यावा लागतो आणि रक्तही जास्त जातं. हिच्या हातात पुन्हा द्यायला काही नव्हतं.

साठवणुकीचाही मुद्दा आहे. मिसोप्रोस्टॉलला दमट हवा लागली की ते निकामी होत जातं. कणकुंबीकडच्या आषाढात उघडी किंवा कापलेली पट्टी फडताळात राहिली तर गोळी दिसायला तशीच, काम मात्र अर्धं. दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं वेष्टण असलेली पट्टी टिकते, प्लॅस्टिकच्या फुग्यातली कमी.

मिसोप्रोस्टॉल बेळगावला नवं नाही. २००२ ते २००५ या काळात इथल्याच खेड्यांत १,६२० बाळंतिणींवर त्याची चाचणी झाली. बाळ जन्मल्यावर नर्सबाईने ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने दिलं, आणि बाळंतपणानंतरच्या जादा रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेला हा अभ्यास जगभर वापरला गेला. तेव्हा गोळीबरोबर शिकलेली नर्सबाई होती. काउंटरवर गोळीबरोबर कुणी येत नाही.

चोवीस दिवस

त्या रात्री कळा आल्या, गाठी पडल्या. पावसात, अंधारात, घरामागे. काय पडलं ते दिसलं नाही. पहाटे कमी झालं आणि तिने 'झालं' असं धरलं.

सहाव्या दिवशी अजून जात होतं. यात वावगं काही नाही. गोळ्यांनंतर एक-दोन आठवडे कमीजास्त जातंच. नवव्या दिवशी परत वाढलं तेव्हा ती बाजाराच्या गावी एका डॉक्टरकडे गेली. गोळ्यांचं सांगितलं नाही. 'पाळी थांबत नाही' एवढंच. रक्त थांबायचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. हे उपचार अशा वेळी घातक ठरतात. आत तुकडे राहिले असतील तर ते काढल्याशिवाय रक्त थांबत नाही. औषध ते दोन-चार दिवस दाबतं आणि बाईला बरं वाटतं. तेवढ्यात पंधरावा दिवस निघून जातो.

त्या डॉक्टरने दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या: पाळी किती दिवस चुकली होती, आणि ती यावी म्हणून काही घेतलं होतं का. दुसरा प्रश्न आरोपाच्या सुरात आला तर उत्तर 'नाही' असंच येतं. 'बऱ्याच बाया दुकानातून गोळ्या आणतात, तुम्ही आणल्या होत्या का?' असा आला तर बहुतेक वेळा खरं उत्तर मिळतं. तेव्हा मूत्रतपासणी करून मात्र फसायचं नाही. गर्भ पूर्ण पडला तरी पट्टी चार आठवड्यांपर्यंत दोन रेघा दाखवू शकते.

गणपती आले. तिने अंगावर जाणं लपवलं, कारण सांगितलं असतं तर बाजूला बसावं लागलं असतं आणि का म्हणून विचारणा झाली असती. बावीस, तेवीस, चोवीस दिवस. मोदक, पाहुणे, विहिरीवरून पाणी. अंगात कणकण आणि वास येणारं जाणं याकडे तिने दुर्लक्ष केलं. चोवीसाव्या दिवशी विहिरीवर चक्कर येऊन पडली. जावेने तेव्हा कुठे आशाला बोलावलं, आणि १०८ ची गाडी आली.

आरोग्य केंद्रात नाडी १२४, रक्तदाब ९० वर ६०, ताप ३८.४, हिमोग्लोबिन ६.२. पोट खाली दाबलं की दुखत होतं, गर्भाशय मऊ आणि मोठं, त्याचं तोंड उघडं. अपुरा गर्भपात, त्यात जंतुसंसर्ग, त्यात रक्त कमी.

इथे केंद्राने केलेलं काम दाखवण्यासारखं आहे. दोन जाड सुया लावल्या. एक लिटर रिंगर लॅक्टेट सलाईन पहिल्या अर्ध्या तासात. अँटिबायोटिकचा पहिला डोस, अँपिसिलिन, जेंटामायसिन आणि मेट्रोनिडॅझोल, गाडीत बसवायच्या आधी. हे सगळ्यात जास्त वेळा सुटतं. 'मोठ्या दवाखान्यात देतील' म्हणून दोन-तीन तास जातात आणि जंतुसंसर्गात तेच तास महाग पडतात. रक्तगट तपासला. चिठ्ठीवर लिहिलं: काय घेतलं, कधी, किती, कोणत्या मार्गाने. ताप नसता आणि नाडी-रक्तदाब ठीक असता तर केंद्रातच मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा ४०० जिभेखाली देऊन उरलेलं पडू देता आलं असतं. जंतुसंसर्गात तसं थांबायचं नसतं.

सही

गाडी आधी वाटेतल्या एका खासगी दवाखान्यात थांबली. तिथे पहिला प्रश्न आला नवऱ्याच्या सहीचा. नवरा आदल्याच दिवशी गोव्याला गेला होता. दुसरा प्रश्न आला पोलिसांचा. या दोन प्रश्नांत चार तास गेले.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १८ वर्षांपुढच्या, मानसिक आजार नसलेल्या बाईची फक्त तिची स्वतःची लेखी संमती लागते, 'सी' नमुन्यावर. नवऱ्याची, सासूची, बापाची लागत नाही. अविवाहित असली तरी हेच. २०२१ ची दुरुस्ती २४ सप्टेंबरपासून लागू झाली. तिने 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असं केलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीत अविवाहित स्त्रियांनाही आणलं. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ मध्ये ठरावीक गटांसाठी दोघांचं. २४ नंतर, बाईचा जीव वाचवायची तातडी सोडली तर, फक्त गंभीर गर्भव्यंगासाठी, वैद्यकीय मंडळाच्या मताने. बाईची ओळख फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

मुलगी १८ च्या आत असेल तर पालकाची संमती लागते आणि पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवावं लागतं. २०२२ च्या त्याच निकालाने, मुलीने आणि पालकाने विनंती केली तर, कळवताना तिचं नाव उघड न करायची मुभा डॉक्टरला दिली. सीमाभागात लग्न झालेल्या सतरा वर्षांच्या मुली येतात तेव्हा ही मुभा नेमकी उपयोगी पडते, आणि ती फार थोड्यांना माहीत असते.

प्रौढ बाईचा अपुरा गर्भपात पूर्ण करायला पोलिसांची परवानगी लागत नाही. हा गर्भपात करणं नव्हे, जीव वाचवणं आहे. डॉक्टरांची भीती समजते. भारतीय न्याय संहितेचं ८८ वं कलम कायद्याबाहेरच्या गर्भपाताला अजूनही गुन्हा ठरवतं आणि त्यात स्वतः बाईलाही धरतं. पण उपचार न करण्याला ते निमित्त होऊ शकत नाही.

भाषेचंही एक आहे. 'सी' नमुना कन्नडमध्ये छापलेला होता आणि बाईला कन्नड बोललेलं थोडं कळतं, वाचता येत नाही. अशा वेळी सही घेणाऱ्याने मजकूर मराठीत वाचून दाखवावा आणि 'मराठीत समजावून सांगितलं' असं लिहून स्वतःची सही करावी. दोन मिनिटांचं काम आहे. ते न करता घेतलेला अंगठा म्हणजे संमती नाही.

बेळगावात

मोठ्या दवाखान्यात पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. दोन बाटल्या रक्त चढवायला घेतलं आणि त्याच रात्री हाताने चालवायच्या निर्वात नळीने गर्भपिशवी रिकामी केली. बाया याला 'पिशवी धुणं' किंवा 'क्युरेटिन' म्हणतात, पण खरवडणारं जुनं क्युरेटिंग वेगळं. त्यात भूल जास्त लागते, रक्त जास्त जातं, पिशवीला भोक पडायचा धोका जास्त, म्हणून ते टाळायला सांगितलं जातं. निर्वात पद्धतीत ६० मिलिलिटरची सिरिंज हवा ओढून कुलूपबंद करतात आणि गर्भाशयाच्या आकाराप्रमाणे मऊ नळी निवडतात. इथे १० मिलिमीटरची घेतली. फार बारीक नळी घेतली की तुकडे अडकतात आणि काम अपुरं राहतं. गर्भाशयाच्या तोंडाशी लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं इंजेक्शन.

पूर्ण झाल्याच्या खुणा: नळीत लालसर गुलाबी फेस येतो, तुकडे येणं थांबतं, भिंत खरखरीत लागते, आणि गर्भाशय नळीभोवती आवळल्याचं हाताला कळतं. निघालेलं गाळून पाण्यात सोडून उजेडात पाहायचं. झाडाच्या बारीक मुळांसारखे पांढरे तंतू तरंगताना दिसले पाहिजेत. ही पायरी घाईत सोडली जाते. तंतू दिसले नाहीत तर काहीतरी राहिलं आहे किंवा गर्भ पिशवीबाहेर, बीजनलिकेत आहे, आणि दुसऱ्या शक्यतेत बाई घरी जाऊन मरू शकते.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, हिमोग्लोबिन ८.१. शिरेतून लोह दिलं. एवढं कमी रक्त आधीही असणारच. गोळ्यांच्या आधी हिमोग्लोबिन तपासलं असतं आणि ते ८ च्या खाली निघालं असतं तर भारतीय मार्गदर्शिकेप्रमाणे तिला गोळ्या देताच आल्या नसत्या. दोन बाळंतपणं, अंगावर पिणारं पोर, शेवटी जेवणं. खानापूर पट्ट्यात ८ च्या खालचं हिमोग्लोबिन शोधत जावं लागत नाही.

घरी सोडताना ज्याला कुणी हात लावला नाही ते म्हणजे पुढचं गर्भनिरोधन. गर्भपातानंतर दहा दिवसांतही अंडं सुटू शकतं, आणि नवरा पंधरवड्याने येतो. पिशवी रिकामी केल्यावर तिथेच तांबी बसवता येते, पण जंतुसंसर्ग असताना नाही. हिला त्या दिवशी 'अंतरा' इंजेक्शन देता आलं असतं, तीन महिन्यांनी एक. किंवा 'छाया' गोळी: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. 'महिन्याने या' असं सांगून पाठवलं. खानापूरहून बेळगाव २५-२६ किलोमीटर, गावापासून त्याहून दूर. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या साध्या बसला बायकांना तिकीट लागत नाही, हे खरं. दिवसभराची मजुरी मात्र बुडते, आणि कुठे जातेस याचं उत्तर सासूला द्यावं लागतं.

नोंद

दवाखान्याच्या वहीत लिहिलं गेलं: 'अपुरा गर्भपात'. कारण नाही. संगणकात तो आपोआप झालेल्या गर्भपाताच्या संकेतांकाखाली चढला. दुकानाने बिल दिलं नव्हतं. बाजारगावच्या डॉक्टरकडे 'पाळीचा त्रास'. पाच गोळ्या, दोन बाटल्या रक्त, आणि प्रवृत्त, म्हणजे मुद्दाम केलेल्या, गर्भपाताची एकही नोंद नाही.

काही महिन्यांनी एका सर्वेक्षणातली मुलगी घरी आली. प्रश्नावली कन्नडमधून मराठीत आणलेली. 'तुमचा कधी गर्भपात झाला आहे का?' उत्तर: नाही.

ती खोटं बोलली नाही. 'गर्भपात' हा शब्द कन्नडमध्येही तोच आहे, म्हणून अनुवाद करणारा तिथे थांबतच नाही. पण खानापूर-चंदगडकडच्या बोलण्यात तो शब्द कागदावरचा. बाया म्हणतात 'आपोआप पडलं', 'पाडून घेतलं', 'खाली केलं', 'क्युरेटिन केलं', आणि गोळ्यांना 'पाळी आणली'. 'पाडून घेतलं' मध्ये डॉक्टर आहे, टेबल आहे. 'पाळी आणली' मध्ये पोटात काही होतं हेच मोजलेलं नाही.

देशाच्या आकड्यांत ही फट दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारून निघालेला आकडा: सुमारे ३ टक्के गरोदरपणं प्रवृत्त गर्भपातात संपली. औषधविक्री आणि दवाखान्यांच्या आकड्यांवरून २०१५ सालाचा अंदाज काढणारा अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. त्यात १ कोटी ५६ लाख गर्भपात निघाले, म्हणजे एकूण गरोदरपणांपैकी जवळपास एक तृतीयांश, आणि त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर गोळ्यांनी झालेले. दोन्हींची वर्षं आणि पद्धती वेगळ्या, तरी ३ आणि ३३ मधलं अंतर वर्षांनी भरून निघत नाही. लाज आणि भीतीही त्यात आहेत. पण शब्दाचा वाटा लहान समजू नये, कारण सुधारायला सगळ्यात स्वस्त तोच आहे.

प्रश्न बदलून विचारायचा झाला तर क्रम असा ठेवावा. आधी सगळी बाळंतपणं, मग दोन बाळंतपणांमधला काळ एकेक करून. 'या दोघांच्या मध्ये कधी पाळी चुकली होती का?' 'तेव्हा ती यावी म्हणून काही घेतलं का, कुठे गेलात का?' 'तेव्हा दिवस गेलेत हे कळलं होतं का, कशावरून?' 'गर्भपात' शब्द शेवटपर्यंत आणायचा नाही. विचारणारी गावची नको आणि आशा तर नकोच, पण बोली तिथली हवी. पुण्याची मराठी ऐकली की बाई कागदी उत्तर देते. घरात सासू असेल तर मुलाखत पाणवठ्यावर किंवा शेताच्या बांधावर. निपाणीकडे विडी वळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात बोलणं मोकळं होतं, पण तिथे बाई दुसरीचं सांगते, स्वतःचं नाही. दोन्ही वेगवेगळं लिहावं. सहीपेक्षा तोंडी संमती बरी, नैतिक समितीकडून आधी मान्यता घेऊन, कारण सही केलेला कागद हाच सगळ्यात मोठा पुरावा होतो. आणि नोंदीत गाव, वय आणि 'नवरा गोव्यात' ही तिन्ही एकत्र लिहायची नाहीत. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत एवढ्यावरून घर सापडतं.

'पाळी आणली' म्हणणारी प्रत्येक बाई गर्भपातात मोजायची का, हा खरा वाद आहे. उशिरा आलेल्या पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्याही त्यात असतात. सगळ्या मोजल्या तर आकडा फुगतो, एकही नाही मोजली तर आपण पुन्हा ३ टक्क्यांवर. म्हणून दोन रकाने: दिवस गेल्याची खात्री झालेली, आणि न झालेली. कोणत्या रकान्यात टाकायचं ते शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरतं.

नव्या क्रमाने या बाईला विचारलं असतं तर उत्तर साधारण असं आलं असतं: 'व्हय की. धाकट्यानंतर चुकलेली. कीट आणलेलं वैनीनं.' आणि कळलं होतं का? 'पट्टीवर दोन रेघा आलेल्या की.' पहिला रकाना.